तळातला भाडेकरू

वर्षानुवर्षं जे नीट चाललंय त्याच्या तळाला कधी हात घालू नये. संसार, सरकार आणि सरोवर या तिन्हींचा टिकाव या एकाच नियमावर आहे, असं सासरे हॉलमध्ये उभं राहून, पाठीमागे हात बांधून, अतिशय सावकाश म्हणाले. वाक्य संपतंय न संपतंय तोच समोरच्या चार फुटी फिशटँकच्या तळातून लिंबाएवढा बुडबुडा सुटला, पानांतून वाट काढत वर आला आणि फुटला. हॉलभर सडक्या अंड्यांचा वास पसरला.

"बाबा," त्यांची मुलगी दारात चप्पल शोधता शोधता म्हणाली, "संसार आणि सरकार राहू द्या. सरोवराचं तेवढं या शनिवारी उरकून टाका."

एवढं बोलून ती हॉस्पिटलला गेली. ती भूलतज्ज्ञ होती. दिवसभर माणसांना दहापासून उलटे आकडे मोजायला लावून सातच्या आत झोपवायची, त्यामुळे कुणी आपल्याशी फार वेळ वाद घालेल याची तिला सवयच राहिली नव्हती.

हॉलमध्ये सासरे आणि जावई उरले. आणि वास.

टँक अकरा वर्षांचा होता. तो घरात नव्हता, घर त्याच्या कडेने होतं. दुपारी खिडकीतलं ऊन सरकत सरकत काचेवर आलं की हॉलच्या भिंती पातळ व्हायच्या. छतावर उजेडाच्या सुरकुत्या हलायच्या, पंखा जणू पाण्यात फिरायचा, आणि सोफ्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलेला माणूस तिसऱ्या ओळीवर थांबायचा तो थांबायचाच. लांब फितीसारखी पानं एका बाजूला कललेली, मध्ये तांबूस झुडूप, पुढे गवताचा बारीक गालिचा, आणि या सगळ्यातून निळ्या रेघेचे सतरा मासे, कुणीतरी हळू आवाजात बोलावल्यासारखे, इकडून तिकडे जायचे. त्या सोफ्यावर जागा राहिलेला पाहुणा या घराने पाहिला नव्हता. विजेचा मीटर बघायला आलेला माणूस एकदा "जरा पाणी मिळेल का" म्हणून टेकला आणि चाळीस मिनिटांनी "आई, येतो" म्हणत उठला. घरी आल्यावर तरी आपलं काम दुसऱ्या कुणी करू नये, असं मुलगी त्यावर म्हणाली होती.

सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, पाकिटांवरचे आकडे पडताळले आणि जे बरोबर निघालं त्याला तार ओवून शिशाचं सील ठोकलं. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांचे अधिकार परत घेतले. सील ठोकायची पक्कड मात्र कुणी मागितली नाही. सासूबाई गेल्या त्या महिन्यात त्यांनी घरातल्या चार वस्तूंना सील ठोकलं : सासूबाईंचं शिवणयंत्र, त्यांच्या बटणांचा डबा, भिंतीवरचं घड्याळ आणि फिशटँकचा फिल्टर. तिने शेवटचा हात लावला तेव्हा या चारही वस्तू बरोबर होत्या, एवढंच कारण त्यांनी दिलं. कुणी दुसरं मागितलंही नाही.

त्याच दिवसांत मुलगी आणि जावई या घरात राहायला आले. घरजावई हा शब्द कुणी उच्चारला नाही, फक्त सासरे त्याला "जावईबापू" म्हणताना "बापू"वर जरा जास्त थांबत.

जावई माहितीपुस्तिका लिहायचा. मिक्सर, इस्त्री, भिंतीवरचा पंखा, दाढीचं यंत्र. ते कसं चालवावं आणि ओल्या हाताने का चालवू नये. एका वाक्यात एकच क्रियापद, हा त्याचा बाणा. त्याची वाक्यं लाखो घरांत पोहोचली होती आणि एकाही घरात वाचली गेली नव्हती. तो स्वतःही दुसऱ्याच्या पुस्तिका, पाकिटं, सूचना काही वाचायचा नाही. शैली बिघडते, असं त्याचं म्हणणं होतं.

तळ बदलायला सासऱ्यांची ना नव्हती, असं ते स्वतः म्हणायचे. अकरा वर्षांत तळातल्या मातीचा कस संपलाय, ती बसून घट्ट झालीय, खाली मुळं कुजतायत, लांब पानं पिवळी पडतायत, हे त्यांना जावयाहून जास्त कळत होतं. प्रश्न मातीचा नव्हता. प्रश्न मातीत राहणाऱ्याचा होता.

सासूबाईंनी कधीतरी एक मासा आणला होता. बोटभर लांब, पेन्सिलीएवढा बारीक, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यापट्ट्यांचा. बुटाची नाडी चालायला लागली तर दिसेल तसा. टँकमध्ये सोडल्या सोडल्या तो मातीत शिरला. त्यानंतर महिना-दोन महिन्यांतून एकदा तोंड बाहेर काढायचा, मिशा हलवायचा, बाहेर काय चाललंय ते बघायचा आणि काही विशेष नाही असं ठरवून परत आत जायचा. सासूबाईंनी त्याचं नाव भाडेकरू ठेवलं. त्या टँकसमोर भाजी निवडायला बसल्या की त्याच्याशी बोलायच्या. "तुमचं बरं आहे," असं काहीतरी.

हॉस्पिटलमध्ये त्यांचं जे शेवटचं धड वाक्य झालं ते असं : "भाडेकरूच्या जेवणाचं बघा."

सासऱ्यांनी त्याच आठवड्यात दुकानातून तळाला जाऊन बसणाऱ्या गोळ्यांचं पाकीट आणलं. आणल्यावर काट्यावर ठेवून पाहिलं. छापलेल्या वजनाइतकंच भरलं, तेव्हा त्यांना बरं वाटलं. त्या दिवसापासून रोज दुपारी चार वाजता ते मागच्या डाव्या कोपऱ्यात एक गोळी सोडत. भाडेकरू मात्र त्यानंतर दिसला नाही. अडीच वर्षं झाली.

पहिल्या दिवशी सकाळी गोळी तशीच होती. फुगून कापसाच्या बोंडासारखी झालेली. सासरे चहाचा कप घेऊन समोर उभे होते. "जेवला नाही," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःही नाश्ता केला नाही. दुपारी दोन घास खाल्ले. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी जावई सकाळी सगळ्यांच्या आधी उठला, झाडं लावायच्या लांब चिमट्याने ती गोळी उचलली आणि खिडकीतल्या कुंडीत पुरली. सासरे आले, वाकून बघितलं, कोपरा रिकामा दिसला. "जेवला," ते म्हणाले आणि दोन वेळा मागून घेऊन जेवले.

त्या दिवसापासून जावई रोज आधी उठत होता. कुंडीतलं रोप आता छताला लागलं होतं.

म्हणून शनिवार म्हटल्यावर जावई मनात पायऱ्या लावू लागला. माती निघाली की भाडेकरू निघायला हवा. तो निघाला नाही तर सासरे विचारणार, मग अडीच वर्षं कोण जेवत होतं. आणि उत्तर काहीही असलं तरी त्या दिवसापासून सासरे कुणाच्या भरवशावर जेवणार?

शुक्रवारी तो नवीन माती आणायला माशांच्या दुकानात गेला. दुकान लांबट, अंधारं, दोन्ही बाजूंना उजळलेल्या पेट्या. आत शिरलं की बाहेरच्या रस्त्याचा आवाज कुणीतरी उशीखाली दाबल्यासारखा व्हायचा. दुकानदार स्टुलावर बसून अर्धे डोळे मिटून बोलायचा. जावयाने दोन पोती माती घेतली आणि मग जरा इकडेतिकडे बघून विचारलं, "पट्ट्यापट्ट्यांचा, नाडीसारखा मासा आहे का?"

"आहे की. तो बघा."

पेटीच्या कोपऱ्यात आगकाडीएवढे चार जीव एकमेकांत गुंतून पडले होते.

"जरा मोठा नाही? वयस्कर?"

"वयस्कर कशाला हवाय?"

"एकाच्या जागी ठेवायचाय."

"मग हाच न्या. वर्षभरात होईल मोठा."

"उद्या हवाय."

दुकानदाराने डोळे पूर्ण उघडून त्याच्याकडे पाहिलं. असं तो दिवसातून एकदाच करत असावा. "साहेब, माशाचा दाखला कोण बघतंय?"

जावयाला सासरे आठवले. ज्या माणसाने अर्ध्या ग्रॅमसाठी दुकानं बंद केली तो आगकाडीला पेन्सिल म्हणणार नव्हता. तो माती घेऊन घरी आला.

शनिवारी सकाळी काम सुरू झालं. सासऱ्यांनी टँकचा नकाशा काढला होता, एकास पाच प्रमाणात, प्रत्येक झाडाला क्रमांक. जावयाने कृती टाइप करून आणली होती, तेवीस पायऱ्यांची. पहिली पायरी : विजेचं बटण बंद करा. सहावी पायरी : फिल्टर उघडू नका. तिच्याखाली सासऱ्यांनी लाल रेघ मारली होती. पाणी साफ ठेवणारे अदृश्य जंतू फिल्टरमध्ये राहतात, अकरा वर्षांचे जुने कर्मचारी; ते गेले तर नव्या मातीत मासे टिकणार नाहीत. "आणि तसंही," सासरे म्हणाले, "सील आहे."

जुनं पाणी नळीने मोठ्या पिंपात काढलं. सतरा मासे जाळीने धरून त्याच पाण्यात सोडले आणि फिल्टरचा डबा न उघडता, त्याच्या नळ्या पिंपात सोडून तसाच सुरू ठेवला. तो आपल्या जागी गुरगुरत राहिला, जसा अकरा वर्षं गुरगुरत होता. पाणी उतरत गेलं तशी टँकमधली झाडं हळूहळू वाकली आणि पूर्ण रिकामं झाल्यावर मातीवर आडवी झाली. एखाद्या सभेतले सगळे श्रोते एकदम झोपावेत तशी. दोघांनी एकेक झाड सोडवलं, मुळं कापली, ओल्या पंच्यात गुंडाळून जेवणाच्या टेबलावर ओळीने निजवलं. प्रत्येकाच्या पंच्याला क्रमांकाची चिठ्ठी होती. खोलीला तळ्याचा वास आला होता. रोज काचेतून फिरणारा उजेड आज नुसता पडून होता आणि त्यामुळे भिंती फार जवळ आल्यासारख्या वाटत होत्या.

मग माती. सासऱ्यांनी सांगितलं, एका वेळी एक सुपली, आणि प्रत्येक सुपली चाळणीतून.

"घाईघाईने उपसू नका. तो दचकेल."

"हो."

"मिशा दिसल्या की थांबा."

"थांबतो."

सुपली, चाळणी, बादली. सुपली, चाळणी, बादली. काळी माती, तिच्यात मुळांचे पांढरे केस. सुरुवातीला प्रत्येक चाळणीवर दोघांची डोकी एकमेकांवर आपटत होती. नंतर नंतर जावई चाळायचा आणि सासरे फक्त त्याच्या तोंडाकडे बघायचे. चाळणीत काय आलं हे तिथे आधी दिसतं, असं त्यांना वाटत असावं. अकरा वर्षांत तळाने बरंच काही गिळलं होतं. सासऱ्यांनी ते काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यात ठेवून वहीत नोंदलं : केसांची पिन, एक. शर्टाचं बटण, एक. काळ्या प्लास्टिकचं फटी असलेलं टोपण, एक. कशाचं ते माहीत नाही.

पिन सासूबाईंची होती. ती नोंदताना सासऱ्यांनी पेन एकदा झटकलं, शाई येत असूनही.

बारा वाजता शेवटची सुपली मागच्या डाव्या कोपऱ्यातून निघाली. चाळली. काही नव्हतं. हाड नाही, काटा नाही, पट्टा नाही. टँकच्या तळाची काच पहिल्यांदाच दिसत होती. खालच्या टेबलाचं लाकूड तिच्यातून आरपार दिसत होतं.

सासऱ्यांनी रिकामी चाळणी स्वतः एकदा हलवून पाहिली.

"जावईबापू," ते म्हणाले. "बापू"वर थांबले नाहीत. "मग गोळ्या कोण खात होतं?"

जावयाने कृतीच्या कागदाकडे पाहिलं. तेवीस पायऱ्यांत याला उत्तर नव्हतं.

"मी," तो म्हणाला.

"तुम्ही खात होता?"

"खात नव्हतो. काढत होतो. चिमट्याने."

"रोज?"

"रोज."

"सुट्टीच्या दिवशी?"

"तेव्हाही."

"आपण पाच दिवस बाहेरगावी गेलो होतो तेव्हा?"

"शेजारच्या काकूंना गोळ्या आणि किल्ली देऊन गेलो होतो. दुपारी टाका आणि सकाळी काढा, असं सांगून."

"त्यांनी कारण विचारलं नाही?"

"विचारलं. मग म्हणाल्या, राहू दे, नको सांगूस."

सासऱ्यांनी मान हलवली. "शेवटच्या दिवशी विसरल्या वाटतं. आपण परत आलो तेव्हा गोळी तशीच होती. मला वाटलं, न सांगता गेलो म्हणून रुसलाय." मग ते म्हणाले, "मी त्याची माफी मागितली होती."

"ऐकलं मी."

जावयाने काच पुसली, नवीन माती ओतली, मागे उंच आणि पुढे उतरती, आणि हाताने सारखी केली. जेवणाच्या टेबलावर झाडं निजली होती, म्हणून ताटं स्टुलांवर वाढली. सासऱ्यांनी आपलं ताट झाकून ठेवलं.

"भूक नाही," ते म्हणाले आणि सोफ्यावर जाऊन बसले.

जावई समोरच्या खुर्चीत बसला. त्यालाही घास जात नव्हता. दुपार टँकमध्ये उतरली, आणि आत पाणी नसूनही तिने नेहमीचं काम केलं. पिंपाशेजारी फिल्टर गुरगुरत होता. दहा, नऊ, आठ, असं कुणीतरी मोजतंय असं जावयाला वाटलं. सातपर्यंत तो पोहोचला नाही.

स्वप्नात तो एका लांबच लांब जिन्यावरून खाली जात होता. पायऱ्यांना क्रमांक होते आणि त्याच्याच अक्षरात प्रत्येक पायरीवर एकच क्रियापद लिहिलेलं होतं : उतरा. वळा. थांबा. दोन्ही बाजूंना फितीसारखे हिरवे पडदे हलत होते आणि त्यांच्यामागे सासूबाई भाजी निवडत बसल्या असाव्यात, कारण देठ मोडल्याचा आवाज येत होता. अगदी तळाला एक गोल दार होतं. त्याने टकटक केलं. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा घातलेल्या एका गृहस्थांनी दार किलकिलं केलं. त्यांना मिशा होत्या.

"जागा कशी आहे?" जावयाने विचारलं.

"गारवा छान आहे," गृहस्थ म्हणाले. "फक्त मोटरचा आवाज फार येतो."

"जेवण?"

गृहस्थांनी तोंड वाकडं केलं आणि दार लावून घेतलं.

"अरे, ऊठ. हे काय मांडलंय तुम्ही?"

बायको समोर उभी होती. खांद्याला पर्स, अंगाला हॉस्पिटलचा वास. तिने टेबलावरचे गुंडाळलेले क्रमांक पाहिले, कोरडा टँक पाहिला, पिंपातले सतरा मासे पाहिले, वडिलांचं झाकलेलं ताट पाहिलं.

"जेवले नाहीत?"

"भाडेकरू सापडला नाही," जावई म्हणाला.

"आणि गोळ्यांचं?"

"सांगून टाकलं."

"बरं झालं. मलाही रोज झोपेचं सोंग करायचा कंटाळा आला होता." तिने काडेपेटीचं खोकं उचललं, सासऱ्यांच्या वहीतली नोंद वाचली, पिन जरा वेळ बोटांत धरली आणि परत ठेवली. मग काळं टोपण उजेडासमोर धरलं. "बाबा, कशाचं ते माहीत नाही म्हणजे? हे फिल्टरच्या नळीच्या तोंडाचं आहे. पाणी आत जावं आणि मासे जाऊ नयेत म्हणून."

"नळीला टोपण असतं?" सासऱ्यांनी विचारलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "तुला माहीत नाही? फिल्टरची पुस्तिका आहे ना कपाटात, चित्रासकट."

"मी दुसऱ्यांच्या वाचत नाही."

"मला माहितीय रे. नळीचं तोंड उघडं राहिलं की आत काय काय जातं ते मला विचार, रोजचं काम आहे माझं." तिने पर्स खाली ठेवली. "फिल्टर उघडा."

सासरे सोफ्यावरून उठले. फिल्टरच्या दोन कड्यांतून तार ओवलेली होती आणि तिला शिशाचं चपटं सील. त्यावर तारीख, त्यांच्याच पकडीची. सासूबाई गेल्यानंतरच्या अकराव्या दिवसाची.

"सील असं तोडता येत नाही," ते म्हणाले. "कारण नोंदवावं लागतं."

"नोंदवा. संशय."

"दोन साक्षीदार लागतात."

"आम्ही दोघं आहोत."

"नातेवाईक चालत नाहीत."

"बाबा," मुलगी म्हणाली.

सासऱ्यांनी वहीत तारीख टाकली. "चालतील," ते म्हणाले आणि पक्कड आणायला गेले.

तार तुटल्याचा आवाज अगदी छोटा होता. जावयाने मोटर बंद केली आणि घर एकदम इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत राहिलं. झाकण निघालं. वरचा काळा स्पंज मुलीने दोन बोटांनी उचलला, जसं एखाद्या झोपलेल्या माणसाचं पांघरूण उचलावं. खाली चिनी मातीच्या छोट्या नळ्यांचा थर होता, गढूळ पाण्यात बुडालेला. त्या नळ्यांना वेटोळं घालून कुणीतरी पडलं होतं. अंगठ्याएवढं जाड. उजेड न लागल्यामुळे पट्टे फिके झालेले, जुन्या पायजम्यासारखे. कुणीच हललं नाही, तोही. मग त्याने एक मिशी हलवली, मग दुसरी, आणि बाहेर काय चाललंय ते बघितलं.

काही विशेष नाही असं त्याला वाटलं असावं. त्याने तोंड परत नळ्यांत घातलं.

"वजनात वाढलाय," सासरे म्हणाले. ते स्वयंपाकघरातल्या काट्याच्या दिशेला वळले.

"नाही," मुलगी म्हणाली.

"मी काही म्हटलं नाही."

ते स्टुलापाशी गेले, ताटावरचं झाकण काढलं आणि थंड झालेलं जेवण सगळं संपवलं. मग हात धुऊन आले आणि नकाशा घेऊन बसले. क्रमांक एक ते चौतीस, जावई चिमट्याने लावत गेला आणि ते सांगत गेले, जरा डावीकडे, जरा खोल, तिला हे मागे आवडायचं. नव्या मातीवर एक बशी ठेवून तिच्यावर जुनं पाणी हळूहळू सोडलं, म्हणजे माती उधळणार नाही. तरी टँक दुधी झाला. त्या धुक्यात झाडं एकेक करून उभी राहिली, सतरा निळ्या रेघा आत सुटल्या आणि विरघळल्या. नळीला टोपण घट्ट बसवलं. भाडेकरूला सासऱ्यांनी स्वतः सोडलं. त्याने एक फेरी मारली, अकरा वर्षांच्या मातीच्या जागी ही कुठली माती असा विचार केला असेल तर तो दाखवला नाही, आणि अर्ध्या मिनिटात खाली शिरून नाहीसा झाला.

"आता परत दिसायचा नाही," जावई म्हणाला.

"नको दिसू दे. आहे एवढं कळलं, बास झालं."

या सगळ्यात साडेपाच झाले होते. चारची गोळी दीड तास उशिरा, मागच्या डाव्या कोपऱ्यात पडली. धुक्यातून खाली जाताना ती कितीतरी वेळ दिसत होती.

"सकाळी मी," जावयाने सुरुवात केली.

"झोपा तुम्ही," सासरे म्हणाले. "आता त्याचं तो बघेल."

पण अडीच वर्षांची सवय. जावई नेहमीच्या वेळेला उठला, चिमटा न घेता हॉलमध्ये आला. सासरे आधीच तिथे होते, हातात चहा. पाणी निवळलं होतं. खिडकीतला पहिला उजेड आरपार गेला होता, भिंती परत पातळ झाल्या होत्या, छतावर सुरकुत्या हलत होत्या; कुणी न बोलता उभं राहिलं तर झोप लागावी अशी ती सकाळ होती. नव्या काळ्या मातीवर, मागच्या डाव्या कोपऱ्यात, कापसाचं पांढरंशुभ्र बोंड होतं. त्याच्यापासून दोन बोटांवर मातीतून मिशा बाहेर आल्या होत्या. त्या बोंडाला लागल्या आणि आत गेल्या.

"जेवला नाही," सासरे म्हणाले.

जावयाचा हात सवयीने चिमटा शोधू लागला.

सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला. "नाश्त्याला काय आहे? मला भूक लागलीय." मग दोन पावलं जाऊन ते थांबले. "आणि ते पाकीट आणा इकडे. चष्माही."

जावयाने दोन्ही आणून दिलं. सासऱ्यांनी पाकीट खिडकीपाशी नेलं. वजन बरोबर होतं, ते त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं. त्यांनी ते उलटं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आकड्यांखालचा मजकूर वाचला. मग जावयाकडे दिलं, आणि जावयानेही, नाइलाजाने, दुसऱ्याचं लिहिलेलं वाचलं.

ते खाद्य कासवांचं होतं.